आमच्या घराचे 32 भाग

परवा एका लग्नात नवऱ्याचे मामू भेटले. आठवड्यापूर्वी घर बघून गेले होते. मांडवात चार लोकांसमोर त्यांनी नवऱ्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "माशाअल्लाह, क्या घर बनाया बेटा! अब्बा रहते तो कित्ता खुश होते." मग माझ्याकडे वळले, "बहू, तू नसीबवाली है." मी हसले. पंगतीत कोण वाद घालणार? तो वाद इथे घालते.

आधी घराबद्दल सांगते. सोलापुरातलं जुनं, दगड-मातीच्या भिंतींचं, पुढच्या दोन खोल्यांवर माळवद असलेलं घर. माळवद म्हणजे लाकडी तुळयांवर फळ्या आणि त्यावर हातभर मातीचा थर. दरवर्षी पावसाआधी पांढरी माती टाकायची, नाहीतर गळणार. सासरे 2019 ला गेले. त्यानंतर माती टाकणारं कुणी उरलं नाही आणि तिसऱ्या पावसाळ्यात एक तुळई खाली आली. सुदैवाने खाली कुणी झोपलं नव्हतं.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. शाळा घरापासून 26 किलोमीटरवर. नवरा एका टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघतो. त्याची साप्ताहिक सुट्टी आणि माझा रविवार एका दिवशी येत नाही. घरात अम्मी, म्हणजे सासूबाई, आणि आमची दोन मुलं. अशा घरात राहतच आम्ही ते घर उतरवलं आणि पुन्हा उभं केलं. स्लॅब, गिलावा आणि वायरिंग ठेकेदाराकडून. बाकी सगळं आम्ही दोघांनी.

माळवदाची माती घमेल्याने आम्हीच उतरवली, दोन ट्रॉल्या भरल्या. स्लॅब पडल्यावर त्यावर आळी करून पाणी तुंबवून ठेवावं लागतं, निदान दहा-बारा दिवस. आमच्याकडे पाणी चार दिवसांआड येतं. मी पहाटे पाचला टाकीतलं पाणी बादलीने वर चढवायची, नवरा रात्री कामावरून आल्यावर. रमजानमध्ये तरावीहनंतर बारा-साडेबारापर्यंत तो भिंतीचा जुना चुना खरवडायचा आणि मी पुट्टीला पॉलिश पेपर मारायची. अंगणात तीन विटांवर गॅस ठेवून सहरी व्हायची. शाळेत खडू झटकताना एकदा मुलांनी विचारलं, "मॅडम, तुमच्या केसात कालचाच खडू आहे का?" तो पुट्टीचा भुगा होता.

हे सहानुभूतीसाठी सांगत नाही. आपल्यात दोघं कमावणारे, पगाराला पगार जोडून घर नीट करणारे हजारो आहेत. मला राग आहे तो दुसऱ्या गोष्टीचा. या कामात जे हात दिसतात आणि जे नाव लागतं, त्यांचा एकमेकांशी काही संबंध ठेवलेला नाही.

नवऱ्याने अंगण झाडलं की शेजारीण म्हणायची, "कित्ता करता बिचारा." मी झाडलं की तीच म्हणायची, "दो महिने हो गए, पसारा आवरत नै क्या?" त्याने घमेलं उचललं तर तो मला 'मदत' करत होता. मी उचललं तर नाव देण्यासारखं काहीच घडत नव्हतं. मिस्त्री तर थेटच. स्वयंपाकाचा ओटा मला 33 इंच उंच हवा होता, कारण 30 इंचाच्या ओट्यावर वाकून माझी पाठ गेली आहे. मी माप सांगितलं तर म्हणाला, "भाभी, भाईजानकू पूछके बोलती क्या?" त्या ओट्यासमोर भाईजान आजवर चहापुरता उभा राहिला आहे. आणि आमच्या मशिदीतल्या बयानात पैगंबर साहेब (स.) आपली पादत्राणं स्वतः दुरुस्त करायचे, कपड्याला ठिगळ लावायचे, घरच्या कामात असायचे हे दरवर्षी ऐकून डोळे पुसणारे लोकच माझ्या नवऱ्याच्या हातात झाडू बघून चौकात 'जोरू का गुलाम' म्हणत होते.

पण हे सगळं वरवरचं. खरं दुखणं कागदात आहे.

2022 च्या सुरुवातीला आम्ही घरदुरुस्तीच्या कर्जासाठी अर्ज केला. दोघांचे पगार धरून कर्ज बसत होतं. कागद तपासणाऱ्या वकिलांनी मालमत्ता पत्रक पाहिलं. त्यावर अजून सासऱ्यांचंच नाव. ते म्हणाले, वारसनोंद करून घ्या आणि बहिणींची, आईची हक्कसोड आणा. एकट्याच्या नावावर झालं की आठ दिवसांत कर्ज. "सिर्फ दस्तखत है," असं घरातही सगळे म्हणाले. मीही म्हणाले. लपवून काय करू? बडी आपाला कलबुर्गीला फोन मीच केला. "ईदला येशील तेव्हा एक सही करायची आहे." ती म्हणाली, "हां, कर देती ना." कसली, कशावर, काही विचारलं नाही.

ईदच्या सकाळी ती चुलीजवळ माझ्या शेजारी उभी होती. शीरखुर्म्यात डाव फिरवत तिने अगदी सहज विचारलं, "सही किए बाद भी मेरा आना-जाना रहेगा ना?"

माझे हात थांबले. कारण हाच प्रश्न 2013 साली माझ्या मनात होता आणि मी तो विचारला नव्हता. बार्शीला माझ्या वडिलांच्या घरावरचा हक्क मी भावांसाठी सोडला. निबंधक कार्यालयाच्या बाहेर रसवंतीत आम्ही रस प्यायलो, भाईने साडी दिली, मी रिक्षात बसून रडले आणि सगळ्यांना वाटलं वडिलांच्या आठवणीने रडते आहे. माहेर उघडं राहावं म्हणून बाया वाटा सोडतात. ही खंडणी आहे. तिला 'बहिणीचं प्रेम' हे नाव आपण दिलं.

त्या रात्री मी नवऱ्याला वही-पेन घेऊन बसवलं. आपण ज्या शरियतच्या नावाने छातीवर हात मारतो, तिचाच हिशेब केला. हनफी वारसा कायद्यात, मुलं असतील तर नवऱ्याच्या मालमत्तेत बायकोला आठवा हिस्सा. उरलेल्यात मुलाला दोन तर मुलीला एक. म्हणजे घराचे 32 भाग केले, तर अम्मींचे 4, नवऱ्याचे 14, दोन्ही नणंदांचे प्रत्येकी 7. सगळा मोहल्ला ज्याला 'त्याचं घर' म्हणतो, त्यात त्याचा निम्मासुद्धा वाटा नाही. दोन बहिणी मिळून त्याच्याइतक्याच मालकीणी आहेत. आणि हे मिळायला मागणी करावी लागत नाही. आपल्या वारसा कायद्यात मुलाचा जन्मसिद्ध हक्क ही गोष्टच नाही. बाप आहे तोवर सगळं बापाचं. बाप गेला त्या क्षणी वाटे ठरले. सासरे गेले त्या दिवसापासून आम्ही नणंदांच्या 14 भागांत राहत होतो. फुकट.

आणि माझे? 32 पैकी शून्य. लग्नाला तेव्हा 11 वर्षं झाली होती, पगारही तेवढ्याच वर्षांचा. माझा पैसा गेला कुठे? किराण्यात, मुलांच्या फीमध्ये, अम्मींच्या औषधात, पडद्यांत, गॅसमध्ये. नवऱ्याचा पैसा साठला, कारण घर माझ्या पैशावर चाललं. साठलेल्या पैशाची वीट झाली, विटेची भिंत, भिंतीचा उतारा. बायकोचा पैसा खर्च होतो आणि नवऱ्याचा पैसा मालमत्ता होतो, हे कुठल्याही दोघं कमावणाऱ्या घरात बघून घ्या, धर्म कुठलाही असो. उद्या नवऱ्याचं काही बरंवाईट झालं असतं, तर त्याच्या 14 भागांचा आठवा हिस्सा, म्हणजे पावणेदोन भाग माझे. पुट्टी, चुना, पहाटेच्या बादल्या, अकरा वर्षांचा पगार, सगळं मिळून पावणेदोन.

आता आपल्या व्यासपीठांकडे वळते. सीरतचा जलसा असो नाहीतर तलाकवरची टीव्ही चर्चा, आपला माणूस उभा राहतो आणि पहिलं वाक्य ठरलेलं असतं: इस्लामने बाईला 1,400 वर्षांपूर्वी मालमत्तेचा हक्क दिला. बरोबर आहे. बायकोची कमाई बायकोची, घरखर्चाची जबाबदारी नवऱ्याची, हेही बरोबर. सूरह निसाच्या 32 व्या आयतीत पुरुषांच्या आणि बायकांच्या कमाईत ज्याचा त्याचा हिस्सा स्वतंत्रपणे सांगितला आहे. माझा प्रश्न वक्त्यालाच आहे: साहेब, तुमच्या बहिणीचं नाव तुमच्या उताऱ्यावर आहे का? नसेल तर खाली बसा. ज्या हक्काचा अभिमान जगाला सांगायचा आणि घरी तो रसाच्या ग्लासावर सोडवून घ्यायचा, तो अभिमान मला नको.

1937 चा शरियत कायदा आला, त्यामागच्या कारणांपैकी एक हेच होतं की रूढीच्या नावाखाली मुसलमान मुलींना वारसा मिळत नव्हता. शेतजमीन त्या कायद्यातून तेव्हाच बाहेर ठेवली गेली, म्हणजे मोठा घास आधीच वेगळा काढला. उरलेल्या घरादारातलंही आपण हक्कसोडीने परत घेतो. पर्सनल लॉवर कुणी बोट ठेवलं तर आपण रस्त्यावर येतो. तोच कायदा भाऊ रोज निबंधकाच्या टेबलावर मोडतो, तेव्हा त्याच्यासाठी पेढे आणतो.

मामूंनी तेव्हा एक नवीनच मुद्दा काढला होता. "तेरे अब्बा मुंहसे बोले थे, घर बेटेका." तोंडी दिलं होतं म्हणे. आपल्याकडे तोंडी हिबा चालतो हे खरं. पण देणाऱ्याने स्पष्ट देणं, घेणाऱ्याने स्वीकारणं आणि ताबा सोपवणं, या तिन्ही गोष्टी लागतात. सासरे शेवटच्या दिवसापर्यंत घरपट्टी स्वतःच्या नावाने भरत होते आणि किल्ल्या उशाखाली ठेवून झोपायचे. मग मामू म्हणाले, वसीयत समजा. वसीयत एक तृतीयांशापलीकडे जात नाही, आणि वारसाच्या नावे करायची तर बाकीच्या वारसांची संमती लागते. मामूंना हे माहीत नव्हतं असं नाही. त्यांच्या स्वतःच्या तीन बहिणी आहेत, त्यातली एक माझी सासू. त्या दिवशी अम्मी सुपारी कातरत होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "मेरेकू भी मुंहसेच मिला था." मामू चहा न घेता गेले.

शाळेतल्या एका सहकारी बाईंना मी हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "पण तुमच्यात मुलींना निम्माच ना हो?" मी विचारलं, "मॅडम, तुमच्यात 2005 पासून बरोबरीचा आहे. तुम्ही किती घेतला?" त्या डबा बंद करत म्हणाल्या, "मी सही करून दिली. भावाचं मन कशाला मोडायचं?" मग आम्ही दोघी हसलो. काय करणार? आमच्या निम्म्याचं आणि त्यांच्या पूर्ण वाट्याचं उत्तर एकच निघालं, शून्य. निम्मा का, पूर्ण का नाही, हा वादही व्हायला हवा आणि मी त्यात कुठल्या बाजूला असेन हे वाचणाऱ्याला कळलं असेल. पण ज्यांनी निम्माही दिला नाही त्यांना 'निम्म्यामागची हिकमत' समजावून सांगायचा अधिकार नाही.

आम्ही काय केलं ते सांगते. आमचं घर काही नमुना नाही, पण 'व्यवहारात हे जमत नाही' असं म्हणणाऱ्यांसाठी सांगायला हवं. जागेची बाजारातली किंमत दोन ठिकाणी विचारली. 24 लाख धरली. एक भाग 75 हजारांचा. प्रत्येक नणंदेचे 5 लाख 25 हजार, दोघींचे साडेदहा. नवरा पहिल्यांदा चिडला. "आपल्याच घरासाठी पैसे मोजायचे?" मी म्हटलं, तुझ्या 14 भागांसाठी कुणी मागत नाहीये. दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्यानेच छोटीला पुण्याला फोन केला. ती आधी नको-नको म्हणाली, मग रडली, मग म्हणाली की तिच्या फ्लॅटचे हप्ते थकले आहेत. तीन वर्षं ती आमच्याकडे येऊन, खाऊन, हसून गेली होती. एकदाही बोलली नव्हती.

पैसे मी द्यायचे ठरलं. शिक्षकांच्या पतसंस्थेतून 7 लाख कर्ज, बाकी माझी बचत. वकील म्हणाले, "मॅडम, घरातल्या घरात खरेदीखत कशाला? हक्कसोडीत स्वस्तात होईल." पण हक्कसोड सहहिस्सेदाराच्या नावे होते, आणि मी तर शून्य भागाची. म्हणून आधी वारसनोंद, चौघांची नावं पत्रकावर, आणि मग जानेवारी 2023 मध्ये दोन्ही नणंदांकडून माझ्या नावे रीतसर खरेदीखत. मुद्रांक शुल्क भरलं, चेकने पैसे दिले. आता अम्मी 4, नवरा 14, मी 14.

बँकेचं कर्ज अर्थातच गेलं. साडेदहा लाख नणंदांना गेल्यावर दुरुस्तीला राहिले नवऱ्याच्या बचतीतले जेमतेम. म्हणून तर माती आम्ही उतरवली, चुना आम्ही खरवडला, जुनी शहाबादी फरशी एकेक उचलून धुऊन परत आम्हीच बसवली. लोक विचारतात, दोघं नोकरी करता, मजूर का नाही लावले? त्याचं उत्तर हे आहे. एका सहीवर आठ दिवसांत कर्ज मिळालं असतं, सहा महिन्यांत काम झालं असतं. आमचं दीड वर्ष चाललं. घराचा दर्शनी भाग अजून बिनगिलाव्याचा आहे. माझे हप्ते अजून चालू आहेत.

याचा नवऱ्यावर झालेला परिणाम मी मुद्दाम नोंदवते, कारण प्रवचनाने तो झाला नसता. खरेदीखताच्या आधी तो मला विचारायचा, "तुझ्या किचनला कुठली टाइल लावू?" नंतर विचारू लागला, "आपण कुठली लावायची?" मिस्त्रीने ओट्याचं माप पुन्हा त्याला विचारलं तेव्हा तो म्हणाला, "मालकीण को पूछो." मिस्त्रीला तो विनोद वाटला.

"असं हिशेब करत बसलं तर घरं तुटतील," असं मला सांगणारे सगळे पुरुष होते. एक बाई होती, पण तिचा मुलगा घर बांधतो आहे. आमचं तरी तुटलेलं नाही. गेल्या मेमध्ये दोन्ही नणंदा पोरांसकट आल्या आणि सगळे नव्या स्लॅबवर गाद्या टाकून झोपले. बडी आपाने बाथरूमच्या रंगाला नावं ठेवली. आधी ती कधी ठेवत नसे, पाहुण्यासारखी सगळ्याला छान म्हणायची.

दिवाळीच्या सुट्टीत भाई बार्शीहून आला होता. फरशी बघितली, ओटा बघितला, खर्च विचारला. मी नणंदांचे साडेदहा लाख धरून आकडा सांगितला. तो म्हणाला, "उनो मांगे थे क्या?" मी म्हटलं, "नै मांगे." मग बराच वेळ आम्ही सिमेंटच्या भावाबद्दल बोललो. 2013 ची माझी सही नोंदवलेली आहे. दोन भाऊ, मी आणि आई धरून त्या घराचे 40 भाग होतात, त्यातले 7 माझे होते. कायद्याने ते आता नाहीत. भाई येत्या उन्हाळ्यात वरचा मजला चढवतो आहे आणि पायाभरणीच्या वेळी नाही तर निदान स्लॅबच्या दिवशी तरी ये म्हणाला आहे. मी जाणार आहे, आणि वही सोबत घेऊन जाणार आहे.